एक एकर, एक घर: अमेरिकेतल्या एका उपनगराचा नियम समजून घेताना

कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठापासून काही मैलांवर लॉस आल्टोस हिल्स नावाची साडेआठ हजार वस्तीची एक छोटी नगरी आहे. तिथे दुकानांची रांग नाही, हॉटेलं नाहीत, ऑफिसांच्या इमारती नाहीत. टेकड्या, ओकची झाडं, चालणाऱ्यांसाठी आणि घोड्यांसाठी राखलेल्या पायवाटा आणि एकमेकांपासून लांब उभी असलेली मोठी घरं, एवढंच दिसतं. सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यावर हे असं आपोआप टिकलेलं नाही. १९५६ साली इथल्या रहिवाशांनी स्वतःची वेगळी नगरपालिका स्थापन केली ती मुख्यतः हे ग्रामीण रूप राखण्यासाठी. त्यासाठी त्यांनी धरून ठेवलेला नियम एका ओळीचा आहे: प्लॉट किमान एक एकराचा हवा आणि त्यावर मुख्य घर एकच.

बे एरियात, म्हणजे सान फ्रान्सिस्को आणि सिलिकॉन व्हॅलीच्या परिसरात, स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची अशा नियमाशी कधी ना कधी गाठ पडते. कुणी मोठा प्लॉट घ्यायचं ठरवतं. कुणाला सहा-सहा महिने येऊन राहणाऱ्या आई-बाबांसाठी परसात वेगळं छोटं घर बांधायचं असतं. आणि कितीतरी जणांना दोघांचे चांगले पगार असूनही आपल्याला इथे घर का परवडत नाही, हे कोडं सुटत नाही. या तिन्हींची उत्तरं बऱ्याच अंशी त्या एका ओळीत आहेत.

आपल्या मापात सांगायचं तर एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. शेतीसाठी ही जमीन थोडी. एका घरासाठी मात्र प्रचंड.

पिवळा रंग इथे आणि तिथे

झोनिंग म्हणजे शहराच्या नकाशावर रंग भरून कुठे काय बांधता येईल हे ठरवणं. पुण्या-नाशिकच्या विकास आराखड्यात पिवळा पट्टा रहिवासी, निळा व्यापारी, हे आपल्याला माहीत असतं. पण आपल्याकडच्या पिवळ्या पट्ट्यात बंगला चालतो, चार मजली इमारत चालते, तळमजल्यावर किराणा दुकान आणि डॉक्टरांचा दवाखानाही चालतो. प्लॉट केवढा आणि रस्ता किती रुंद यावर इमारत किती मोठी हे ठरतं. त्यात किती कुटुंबं राहतील, हे सहसा थेट ठरवलं जात नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत रहिवासी पट्ट्याचेच तुकडे केलेले असतात. त्यातला सर्वांत मोठा तुकडा ‘एका कुटुंबाच्या घरांचा’. तिथे दोन बिऱ्हाडांची इमारत बांधणंसुद्धा बेकायदा असतं, मग ती बाहेरून शेजारच्या बंगल्यासारखीच का दिसेना. त्या पट्ट्याच्या आतही किमान प्लॉटच्या आकाराप्रमाणे आणखी वर्ग असतात: कुठे ६,००० चौरस फूट, कुठे १०,०००, कुठे २०,०००, आणि लॉस आल्टोस हिल्ससारख्या ठिकाणी पूर्ण एकर.

आपल्याकडच्या तुकडेबंदी कायद्याची इथे आठवण होईल. जमिनीचा ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही, हे दोन्हीकडे सारखं. पण १९४७ च्या तुकडेबंदीचा हेतू शेत कसण्याजोगं राहावं हा होता. उपनगरातली तुकडेबंदी जमीन कसण्यासाठी नाही. तिच्यामुळे तिथे किती घरं होतील, हे कायमचं ठरून जातं.

एका एकरावर नक्की किती बांधता येतं?

एक एकर घेतला म्हणजे हवं तेवढं मोठं घर बांधता येईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं नसतं. लॉस आल्टोस हिल्सचं गणित पाहिलं की हे नियम कसे चालतात ते नीट कळतं, म्हणून इथे थोडं थांबूया.

पहिलं म्हणजे ‘एकर’ कुठला? खरेदीखतातला नव्हे. प्लॉटमधून जाणारा रस्ता, रस्त्यासाठी दिलेला हक्काचा पट्टा असं वजा करून उरलेलं निव्वळ क्षेत्र मोजतात. मग उतार पाहतात. जमिनीचा सरासरी उतार १० टक्क्यांपर्यंत असेल तर निव्वळ क्षेत्र जेवढ्यास तेवढं धरलं जातं. उतार वाढत गेला की एका सूत्राने ते कमी कमी धरलं जातं. या हिशेबातून निघणाऱ्या आकड्याला तिथे ‘लॉट युनिट फॅक्टर’ म्हणतात. सपाट, पूर्ण एक एकराच्या प्लॉटचा हा आकडा १. तेवढाच प्लॉट टेकडीच्या कड्यावर असेल तर आकडा बराच खाली येतो.

सपाट जमिनीवर या आकड्याला ६,००० ने गुणलं की घराचं कमाल चटई क्षेत्र मिळतं. म्हणजे एका एकरावर ६,००० चौरस फूट, गॅरेज धरून. आपल्या भाषेत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण, झाला ०.१४ च्या आसपास. मुंबईच्या उपनगरांत मूळ एफएसआय १ आहे, हे लक्षात घेतलं की फरक किती मोठा आहे ते कळतं. उतार १० टक्क्यांच्या वर गेला की हा ६,००० चा गुणकही घटतो. म्हणजे उताराची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा क्षेत्र धरताना आणि एकदा गुणाकार करताना.

घराच्या हिशेबाबरोबर दुसरा हिशेब चालतो तो ‘विकसित क्षेत्रा’चा. सपाट एकराला १५,००० चौरस फूट. यात घर तर येतंच, शिवाय गाडीचा रस्ता, अंगण म्हणून घातलेली फरशी, पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, सगळं येतं. एकट्या टेनिस कोर्टाला कडेची जागा धरून ७,२०० चौरस फूट लागतात, म्हणजे निम्मा हिशेब तिथेच संपतो. घर रस्त्यापासून लांब, प्लॉटच्या मागच्या टोकाला बांधलं तर गाडीचा रस्ता लांबतो आणि तोही याच खात्यातून कापला जातो.

आणखी एक खाचखळगा. ज्या खोलीची आतली उंची १७ फूट किंवा जास्त आहे, तिचं क्षेत्रफळ दुप्पट धरतात. दिवाणखाना दुमजली उंचीचा करण्याची हौस अनेकांना असते. ५०० चौरस फुटांचा असा दिवाणखाना हिशेबात १,००० होतो. उलट जमिनीखालचं तळघर, ते व्याख्येत बसत असेल तर, चटई क्षेत्रात धरलं जात नाही. त्यामुळे इथल्या नव्या घरांना मोठी तळघरं का असतात, हे कोडं उरत नाही.

सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, पुढून ४० फूट, बाकी तिन्ही बाजूंनी ३० फूट. उंची साधारण २७ फूट. बांधकामाचा अर्ज केला की नियोजित घराच्या कोपऱ्यांवर आणि शिखरांवर खांब उभे करून त्यांना नारिंगी जाळी बांधावी लागते, म्हणजे शेजाऱ्यांना घर किती मोठं दिसेल ते सुनावणीआधीच कळतं. ही पद्धत मला मनापासून आवडते. कागदावरचा नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, पण आकाशासमोर उभी राहिलेली रेघ कुणालाही कळते.

असा प्लॉट विकत घेताना एजंट घराचं क्षेत्रफळ सांगतो, खोल्या मोजून दाखवतो. खरं विचारायचं ते वेगळंच: निव्वळ क्षेत्र किती, सरासरी उतार किती, आणि आधीच्या मालकाने विकसित क्षेत्राचं खातं किती वापरून टाकलं आहे. जुन्या घराभोवती रुंद फरशी आणि तलाव असेल, तर एकरभर मोकळी जमीन दिसत असूनही एक खोली वाढवायला जागा शिल्लक नसते. आणि जुनी ओकची झाडं असतील तर ती तोडायला परवानगी लागते. हे आकडे नगरपालिकेच्या नियोजन विभागात मिळतात. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा सौद्याआधी तिथे जाऊन विचारावंच.

हा नियम आला कुठून?

शहराच्या रहिवासी भागातून कारखाने आणि कत्तलखाने दूर ठेवणं, ही झोनिंगची समजण्याजोगी बाजू. पण ‘एका कुटुंबाचं घर’ हा स्वतंत्र वर्ग १९१६ साली कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत आला आणि त्याला वंशभेदाची पार्श्वभूमी होती. त्या काळात काही शहरं गोऱ्यांची वस्ती कुठे आणि काळ्यांची कुठे हे सरळ कायद्याने ठरवत होती. केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. मग दोन वाटा उरल्या. एक, खरेदीखतातच ‘हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही’ अशी अट घालणं. अशा अटी कोर्ट अमलात आणू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. दुसरी वाट म्हणजे माणसाचा वंश कुठेही न लिहिता घराचा आकार आणि प्लॉटची किंमत एवढी वाढवणं, की ठरावीक लोकच तिथे येऊ शकतील. ही वाट बंद झाली नाही. मोठ्या प्लॉटचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक गावाच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही. पण नियमाचा परिणाम हेतू विचारत बसत नाही.

त्याच कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने, नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या आशियाई स्थलांतरितांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी होती. १९२३ च्या थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं आणि तेही त्या बंदीत आले. तो कायदा १९५२ साली पडला. आज त्याच राज्यात आपल्यातले काही जण एकर घेऊ शकतात, ही बारीक गोष्ट नाही.

झोनिंगला घटनात्मक आधार मिळाला तो १९२६ मध्ये. ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाने जमिनीच्या वापरावर घातलेली बंधनं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क ‘बांडगूळ’ म्हटलं: बंगल्यांनी निर्माण केलेल्या मोकळ्या हवेवर आणि देखण्या परिसरावर ती जगते, असा त्यांचा मुद्दा. भाड्याच्या घरात राहणारी माणसं कोण आहेत, कुठे काम करतात, याचा विचार त्या वाक्यात नाही. शंभर वर्षं होत आली तरी उपनगरांतल्या सुनावण्यांमध्ये हाच सूर ऐकू येतो.

बाजू घेण्याजोगं काय आहे?

लॉस आल्टोस हिल्सची बाजूही नीट ऐकायला हवी. इथली बरीच घरं अजून सेप्टिक टाकीवर आहेत. सांडपाणी जिरवायला जमीन लागते आणि उतारावर घरं दाटली तर ते खालच्या माणसाच्या विहिरीत किंवा ओढ्यात जातं. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत. वणवा पेटला तर याच रस्त्यांवरून सगळ्यांना बाहेर पडायचं असतं. टेकड्यांना दरडींचा धोका आहे. ही कारणं खरी आहेत आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातले वणवे पाहिलेले नाहीत.

पण मग सपाट जमिनीचं काय? त्याच भागातलं ॲथर्टन घ्या. तेही एक-एकर प्लॉटांचं गाव. अनेक वर्षं देशातल्या सर्वांत महागड्या पिनकोडांमध्ये त्याचा क्रमांक वरचा. तिथली बहुतेक जमीन सपाट आहे आणि सान फ्रान्सिस्को ते सॅन होजे जाणारा रेल्वेमार्ग गावातूनच जातो. लोकवस्ती वाढवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. तिथलं स्टेशन डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. उतार नाही, रेल्वे आहे, तरीही एकराचा नियम आहे. म्हणून मला वाटतं, उतार आणि वणवा ही काही जागांसाठी योग्य कारणं आहेत, एकराच्या नियमाचं मूळ कारण ती नाहीत.

परिणाम साध्या भागाकाराने दिसतो. एका एकरावर ६,००० चौरस फुटांचे सात प्लॉट बसतात. म्हणजे जमिनीची जी किंमत सात कुटुंबांत वाटली गेली असती, ती एका कुटुंबावर येते. ते कुटुंब अर्थातच फार श्रीमंत लागतं. उरलेली सहा कुटुंबं नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या शहरात जातात, तिथली भाडी वाढवतात, मग तिथली काही कुटुंबं आणखी पुढे ढकलली जातात. शेवटी शाळेतली शिक्षिका, बागकाम करणारा, म्हाताऱ्या आजोबांची शुश्रूषा करायला येणारी बाई, हे सगळे डोंगर ओलांडून सेंट्रल व्हॅलीतून रोज दोन-दोन तास गाडी चालवत येतात. ज्या हिरवाईसाठी नियम केला, तिच्या बदल्यात शंभर मैल पलीकडची शेतजमीन घरांखाली जाते. मला या विषयात सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

दोन कोर्टं, दोन उत्तरं

१९७० च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांना लॉस आल्टोस हिल्समध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अनेक बिऱ्हाडांचा प्रकल्प करायचा होता. एकराच्या नियमाने तो अडला. प्रकरण फेडरल अपील न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: गावाचं ग्रामीण रूप राखणं हा रास्त हेतू आहे, नियमाचा त्याच्याशी तर्कसंगत संबंध आहे, आणि गरिबांना काउंटीत (जिल्ह्यात) दुसरीकडे कुठेच घर मिळत नाही असं दाखवलं गेलेलं नाही. फेडरल राज्यघटनेत गरिबी हा वंशासारखा संरक्षित निकष मानला जात नाही, त्यामुळे याहून कडक कसोटी लागली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं. माउंट लॉरेल नावाच्या वाढत्या गावाच्या झोनिंगने स्वस्त घरांची वाट बंद केली होती. न्यायालयाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन म्हटलं, की विकसित होणाऱ्या प्रत्येक गावाने त्या प्रदेशाच्या गरजेतला आपला रास्त वाटा उचलला पाहिजे. गावांनी टाळाटाळ केल्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने आणखी कडक निकाल दिला: गाव आपला वाटा उचलत नसेल तर बिल्डर कोर्टात जाऊन परवानगी मिळवू शकतो. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. एडिसन आणि आसपासच्या भागात परवडणाऱ्या घरांसाठी राखीव भाग असलेले टाउनहाउस-संकुल दिसतात, त्यामागे हा निकाल आहे.

राज्याने उचललेलं पाऊल

कॅलिफोर्नियात कोर्टाने न केलेलं काम विधिमंडळाने हळूहळू केलं. त्यातलं घरगुती उपयोगाचं म्हणजे परसातल्या छोट्या घराला, एडीयूला, मिळालेली परवानगी. राज्याच्या कायद्याप्रमाणे ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीपर्यंतचं, बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून ४ फूट सोडून बांधलेलं वेगळं घर गावाला नाकारता येत नाही, भले तुमचं चटई क्षेत्राचं खातं संपलेलं असो. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, शेजाऱ्यांची सुनावणी नाही. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर विकास शुल्कही नाही. आई-बाबांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर असलेलं घर हवं असेल, तर बहुतेकांसाठी हाच रस्ता सरळ आहे.

दुसरा कायदा एसबी ९, १ जानेवारी २०२२ पासून लागू. एका कुटुंबाच्या पट्ट्यातला प्लॉट दोनात तोडता येतो आणि प्रत्येकावर दोन घरं बांधता येतात. नवा प्लॉट किमान १,२०० चौरस फुटांचा हवा आणि मूळच्या ४० टक्क्यांपेक्षा लहान नको. प्लॉट तोडणाऱ्या मालकाला तीन वर्षं तिथे राहण्याचा इरादा प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा लागतो. कागदावर हा एकराच्या नियमाला थेट छेद आहे. प्रत्यक्षात फार थोड्यांनी त्याचा उपयोग केला, कारण अटी अनेक आहेत, बांधकाम महाग आहे आणि गावांनी आपापले अडसर घातले. जवळच्या वुडसाइड गावाने २०२२ च्या सुरुवातीला आपलं अख्खं गाव प्युमा या मोठ्या रानमांजराचं अधिवासक्षेत्र असल्याचं सांगून कायदा लागू होत नाही असं जाहीर केलं होतं. राज्याच्या ॲटर्नी जनरलने पत्र लिहिल्यावर गावाला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे घरांचा कोटा. दर आठ वर्षांनी राज्य प्रत्येक प्रदेशाला किती घरं लागतील ते ठरवतं आणि ती संख्या गावांत वाटली जाते. २०२३ ते २०३१ साठी बे एरियाला ४,४१,१७६ घरं आली. त्यातली ४८९ लॉस आल्टोस हिल्सच्या वाट्याला, ३४८ ॲथर्टनच्या. गावाने ती घरं स्वतः बांधायची नसतात. ती बांधता येतील अशी जमीन आणि नियम एका आराखड्यात दाखवायचे असतात. कोट्यातला मोठा हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असल्याने, फक्त एक-एकर बंगले दाखवून आराखडा पास होत नाही. बे एरियात आराखड्याची मुदत ३१ जानेवारी २०२३ होती. ती हुकली की ‘बिल्डर्स रेमेडी’ लागू होते: ठरावीक प्रमाणात परवडणारी घरं देणाऱ्या प्रकल्पाला झोनिंगचं कारण सांगून नकार देण्याचा गावाचा अधिकार जवळपास जातो. माउंट लॉरेलचीच ही कॅलिफोर्नियातली आवृत्ती.

पुढचा कोटा २०३१ नंतरच्या काळासाठी ठरेल आणि कुठल्या जमिनीवर किती घरं, याच्या बैठका त्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होतील. या बैठकांना बहुतेक तेच लोक येतात ज्यांच्याकडे आधीच घर आहे. पण कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नगर परिषदेच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि कुणालाही तिथे बोलता येतं. त्यासाठी गावात घर असावं लागत नाही, नागरिक असावं लागत नाही, नावपत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. शेजारच्या शहरात भाड्याने राहून त्या गावात नोकरीला जाणाऱ्या माणसालाही माइकसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडता येतं.